सूत आलें, पण माग कोठें?

गेल्या श्रावणांत चार दिवस मी भिवंडीस माझ्या बहिणीकडे राहावयास गेलों होतों. भिवंडी म्हटली कीं अलीकडे मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें नाशिक रस्त्यालगतचीं प्रचंड गोदामें उभीं राहतात. परंतु अंजूर फाटा ओलांडून गांवांत शिरावें, तों कानांवर पडतो तो यंत्रमागांचा खडखडाटच. माझे मेहुणे बारा मागांचे धनी आहेत. व्यापारी सूत देतो, हे त्याचें कापड विणून परत करतात आणि मजुरी घेतात. आलेलें सूत किती, उतरलेलें कापड किती, मध्यें घट किती गेली, हा हिशेब जुळला नाहीं कीं तूट मजुरींतून कापली जाते. हा सारा हिशेब आजवर एका लाल बांधणीच्या वहींत राहत आला आहे.

माझी भाची संख्याशास्त्र शिकते. तिनें या हिशेबासाठीं पायथॉन भाषेंत एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. मुलीच्या प्रोग्रॅमवर एक महिना हिशेब ठेवून पाहावा, हें मेहुण्यांनीं मोठ्या मिनतवारीनंतर कबूल केलें होतें, आणि व्यापाऱ्याचा मुनीम सोमवारीं यावयाचा होता. मी पोंचलों तो शुक्रवार. महाविद्यालयाच्या संगणकावर सुरळीत चालणारा हा प्रोग्रॅम घरच्या जुन्या संगणकावर सुरूच होईना. त्याला लागणारें एक पॅकेज इन्स्टॉल करावयास घेतलें, कीं पडद्यावर तांबड्या अक्षरांच्या पन्नास-साठ ओळी धांवत जात आणि शेवटीं सर्व ठप्प. दोन रात्री तिनें यांत घालविल्या होत्या. मला पाहतांच ती म्हणाली, "मामा, मला कांहीं हें जमायचं नाहीं. माझंच कांहींतरी चुकतंय." पलीकडे मेहुणे वही उघडून बसले होते. ते कांहीं बोलले नाहींत. पण त्यांनीं वही मिटलीहि नाहीं.

तिचें कांहींहि चुकलेलें नव्हतें. श्रोतेहो, आज या वीस मिनिटांत मला सांगावयाचें तें एवढेंच, कीं असल्या तांबड्या ओळींचा अर्थ पुष्कळदां 'या घरांत अमुक एक हत्यार नाहीं' इतकाच असतो. तो न कळल्यामुळें किती तरी हुशार मुलें-मुली स्वतःस मठ्ठ ठरवून हा नाद सोडून देतात, आणि कांहीं घायकुतीस येऊन असले उपाय करतात कीं मूळचा चांगला संगणकहि निकामी होऊन बसतो.

मीं तिला विचारलें, "तुझ्या बाबांकडे व्यापारी काय पाठवितो, कापड कीं सूत?"

"सूत."

"आणि तुझी आई दुकानांतून काय आणते?"

"कापड. नाहीं तर शिवलेला कपडा."

संगणकाच्या दुनियेंतहि माल या दोन रूपांनीं येतो. सॉफ्टवेअर मनुष्य लिहितो तें मनुष्याला वाचतां येईल अशा मजकुराच्या रूपांत. तें झालें सूत. संगणकाच्या प्रोसेसरला तो मजकूर कळत नाहीं. त्याला कळतात ते केवळ आंकड्यांत दिलेले हुकूम. तें झालें कापड. मजकुराचे हुकूम बनविणारा जो प्रोग्रॅम, त्याला कंपायलर असें नांव आहे. आरंभीं हें काम माणसें हातानें करीत. १९५२ सालीं ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीनें 'ए-०' नांवाचा प्रोग्रॅम तयार केला, आणि संगणकासाठीं लिहिलेलें संगणकाकडूनच जुळवून घेण्याची वाट तेथून रुळूं लागली. पुढें १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं 'मेक' केला. कोणता भाग आधीं बांधावयाचा, कोणता मागून, आणि कोणता बदललाच नसल्यामुळें पुन्हां बांधण्याची गरज नाहीं, हें तो पाहतो. १९८७ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांचा 'जीसीसी' हा कंपायलर बाहेर पडला. तो कोणासहि मोकळेपणीं वापरतां येतो. असल्या हत्यारांच्या संचास बिल्ड टूल्स म्हणतात. आपण त्यास खुशाल 'माग' म्हणूं.

ही उपमा मी भिवंडींत बसलों होतों म्हणूनच सुचली, हें खरें. पण ती अगदींच उपरी नाहीं. फ्रान्समध्यें १८०४ च्या सुमारास जाकार्ड यानें भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांनीं मागावरची नक्षी चालविली, आणि इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें आपल्या नियोजित गणनयंत्रास हुकूम देण्यासाठीं तीच युक्ति उचलली. असो.

पायथॉनच्या पॅकेजांचें एक मोठें सार्वजनिक भांडार आहे, त्याचें नांव 'पायपीआय'. तेथून माल घरीं आणून देणारा जो हमाल, त्याचें नांव 'पिप'. आपण 'पिप इन्स्टॉल' म्हणून पॅकेजचें नांव लिहिलें, कीं पिप भांडारांत जाऊन प्रथम तयार कपडा शोधतो. या तयार रूपास 'व्हील' म्हणतात. २०१३ सालीं पायथॉनच्या मंडळींनीं तें मान्य केलें. परंतु तयार सदरा जसा मापाचा लागतो, तसें हें व्हीलहि मापाचें लागतें. आपला प्रोसेसर कोणता, विंडोज कीं लिनक्स कीं मॅक, आणि पायथॉनची आवृत्ति कितवी, हीं तीन मापें त्याच्या नांवांतच लिहिलेलीं असतात. मापाचा कपडा मिळाला तर काम क्षणांत होतें. न मिळाला, तर पिप मुकाट्यानें सुताचा गठ्ठा उचलून घरीं आणतो आणि आपणांस एका शब्दानेंहि न विचारतां विणावयास बसतो. तेव्हां कोठें उघडकीस येतें, कीं या घरीं माग नाहीं!

माग घरोघर कां नसतो, हा प्रश्न रास्त आहे. पत्रें लिहिणें, चित्रें पाहणें, पैसे भरणें एवढ्यापुरता संगणक वापरणाऱ्यास त्याची गरज नसते, आणि तो जागा तर बरीच खातो. म्हणून तो वेगळा मागवून घ्यावयाचा अशी रीत पडली आहे. पण माझी तक्रार अशी, कीं पॅकेजांच्या माहितीपत्रकांत ही गोष्ट कोठें तरी तळाशीं एका ओळींत उरकलेली असते, आणि नवशिका तेथवर पोंचतच नाहीं.

भाचीचा प्रोग्रॅम आपल्या नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्यें ठेवीत असे. पायथॉन आणि पोस्टग्रेस यांच्यामधला दुभाषा म्हणजे 'सायकोपीजी२' हें पॅकेज. विंडोजसाठीं तें तयार मिळतें. लिनक्ससाठीं मात्र त्याचे कर्ते त्या नांवाखालीं बुद्ध्याच केवळ सूत ठेवतात. घरच्या संगणकावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचीच एक जात. महाविद्यालयांतहि उबुंटूच होतें. पण तेथें कोणीं तरी पूर्वींच माग बसवून ठेवला होता. एकच प्रोग्रॅम तेथें चालावा आणि येथें अडावा, याचें इंगित हें.

आतां त्या पन्नास-साठ ओळी. बहुतेक लोक पहिली ओळ वाचून घाबरतात, किंवा शेवटची वाचून फसतात. शेवटीं पिप एक टीप देतो, कीं हा दोष वर सांगितलेल्या पॅकेजचा आहे, पिपचा नव्हे. हमालाची ही हात झटकण्याची तऱ्हा झाली! ती वाचून मनुष्य समजतो, पॅकेजच बिघडलेलें आहे. खरें कारण मधल्या एखाद्या ओळींत दडलेलें असतें, आणि त्याच्या खुणा दोन-तीनच आहेत: 'नॉट फाउंड', 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी', 'फेटल एरर'. पहिल्या दोहोंचा अर्थ 'सांपडलें नाहीं', तिसऱ्याचा 'येथें काम थांबलें'. हे शब्द दिसले कीं त्याच ओळींत कोणत्या वस्तूचें नांव आहे तें पाहावें. तेवढें एक नांव हातीं लागलें, कीं बाकीच्या ओळी विसरल्या तरी चालतें.

मीं भाचीस सांगितलें, "तूं मोठ्यानें वाच, मी ऐकतों." ती वाचीत गेली आणि एके ठिकाणीं थांबली: 'पीजी-कॉन्फिग एक्झिक्यूटेबल नॉट फाउंड'. पीजी-कॉन्फिग हा एक चिमुकला प्रोग्रॅम आहे. पोस्टग्रेसचें विणकामाचें सामान या संगणकांत कोणत्या कप्प्यांत ठेवलेलें आहे, एवढें सांगणें हेंच त्याचें काम. तो 'लिबपीक्यू-डेव्ह' या गठ्ठ्यांतून येतो. नांवाच्या शेवटीं 'डेव्ह' असलें, कीं हें सामान नुसत्या वापरणाऱ्यासाठीं नसून विणणाऱ्यासाठीं आहे असें समजावें. आज्ञा लिहावयाची ती अशी: 'सूडो एपीटी इन्स्टॉल लिबपीक्यू-डेव्ह'. तीं अक्षरें अर्थात् रोमन लिपींत आणि लहान वळणाचीं हवीं. 'सूडो' म्हणजे मालकाच्या अधिकारानें. 'एपीटी' म्हणजे उबुंटूच्या अधिकृत कोठारांतून सामान आणणारा कारभारी. तत्पूर्वीं एकदां 'सूडो एपीटी अपडेट' म्हणून त्या कारभाऱ्याची यादी ताजी करून घ्यावी.

सामान आलें. तिनें पुन्हां पिपला हुकूम दिला. पुन्हां तांबड्या ओळी! "बघा, परत तेंच!" असें म्हणून तिनें खुर्ची मागें सारली.

माझ्या मतें साऱ्या प्रकरणांतली मर्माची जागा हीच. तें परत तेंच नव्हतें. मीं तिला पहिल्या वेळचा मजकूर आणि हा मजकूर शेजारीं शेजारीं ठेवावयास लावला. पहिल्यांत पीजी-कॉन्फिगचें नांव होतें. दुसऱ्यांत त्याचा मागमूस नव्हता, आणि 'जीसीसी' सांपडत नाहीं अशी तक्रार होती. म्हणजे गाडी एक स्टेशन पुढें गेली होती. तांबडा रंग तोच असला तरी अडचण निराळी होती, आणि निराळी अडचण येणें ही अशा कामांत प्रगतीच होय. पुष्कळ जण नेमके येथेंच हात टेकतात.

इतका वेळ गप्प असलेले मेहुणे एकाएकीं म्हणाले, "बाण्याची तार तुटली कीं माग आपण होऊन थांबतो. त्याला कोणी बिघाड म्हणत नाहीं. थांबला नाहीं तर पुढें सगळं कापड फुकट." मी या विषयावर तासभर बोललों असतों तरी इतकें नेमकें मला सांगतां आलें नसतें. पिप थांबतो तोहि असाच. अर्धवट विणलेलें पॅकेज संगणकांत बसूं देण्यापेक्षां तो काम सोडून देतो आणि कोठें तुटलें तें सांगतो. त्याची सांगण्याची भाषा मात्र फार रुक्ष आहे, इतकेंच.

जीसीसी म्हणजे प्रत्यक्ष मागच. तो एकटा मागविण्यापेक्षां 'बिल्ड-इसेन्शियल' या नांवाचा गठ्ठा मागवावा, कारण त्यांत जीसीसी, त्याचा सी-प्लस-प्लस भाषेचा जोडीदार, मेक आणि इतर आवश्यक सामान एकत्र येतें. हा गठ्ठा बराच मोठा. तो उतरत असतां मध्येंच वीज गेली आणि आम्ही अर्धा तास अंधारांत चहा घेत बसलों. वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हां दिली. एपीटी अर्ध्यावर राहिलेलें काम बहुधा नीट पुरें करतो.

तिसरा प्रयत्न आणि तिसरी अडचण: 'पायथॉन-डॉट-एच: नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. या वेळीं भाची मागें सरली नाहीं. तिनेंच विचारलें, "मामा, पायथॉन तर आहे कीं संगणकांत! मग हें काय नाहीं म्हणतोय?" शंका उत्तम होती. पायथॉन आहे, पण पायथॉनशीं जोडून विणावयाचें, तर त्याच्या आंतल्या वस्तूंचीं नांवें आणि मापें सांगणारी एक टिपणाची फाईल कंपायलरला लागते, तिला हेडर फाईल म्हणतात. मागावर बीम चढलें, सूत तयार आहे, पण फणी कोणत्या नंबरची आणि ताण्याचे धागे किती, हें लिहिलेला कागदच नाहीं, तर कारागीर काय करील? तो कागद 'पायथॉन३-डेव्ह' या गठ्ठ्यांत मिळतो. शेवटचें 'डेव्ह' तिनें आपण होऊन ओळखलें.

चौथ्या वेळीं तांबडी ओळ आली नाहीं. कांहीं सेकंद कांहींच हाललें नाहीं, आणि मग 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' हीं अक्षरें उमटलीं.

हीं तिन्ही नांवें मला आधींपासून ठाऊक होतीं, आणि एकाच आज्ञेंत तिन्ही गठ्ठे आणवितां आले असते. जाणत्यानें तसेंच करावें. तिला मीं एकेक पायरी चढावयास लावली ती अशासाठीं, कीं पुढील खेपेस पॅकेज निराळें असेल आणि नांवेंहि निराळीं असतील.

कोणी विचारील, कीं एवढा खटाटोप कशाला? 'सायकोपीजी२-बायनरी' या दुसऱ्या नांवानें तेंच पॅकेज लिनक्ससाठींहि तयार मिळतें ना? मिळतें, आणि शिकण्यापुरतें किंवा घाईच्या वेळीं तें खुशाल घ्यावें. परंतु त्या तयार मालांत पोस्टग्रेसशीं व गुप्त लेखनाशीं संबंध असलेल्या लायब्ररी आंतच शिवून टाकलेल्या असतात, आणि उबुंटूकडून सुरक्षिततेची दुरुस्ती आली तरी ती त्यांना लागत नाहीं. कायमच्या कामासाठीं घरींच विणावें, असा खुद्द कर्त्यांचा सल्ला आहे. कारखान्याचा हिशेब वर्षानुवर्षें चालावयाचा. म्हणून आम्हीं दुसरा मार्ग धरला.

सर्वच वेळीं माग बसवावा लागतो असेंहि नाहीं. पुष्कळदां पिपच जुना असतो आणि नव्या धाटणीचीं व्हीलें त्याला ओळखतां येत नाहींत. त्याला अद्ययावत् केलें कीं तयार माल लगेच सांपडतो. दुसरें असें, कीं पायथॉनची नवी आवृत्ति दर वर्षीं ऑक्टोबरांत निघते, आणि तिच्या मापाचे कपडे शिवून तयार होण्यास कांहीं पॅकेजांना काळ लागतो. दिवाळीच्या सुट्टींत हौसेनें नवीन पायथॉन घेणारे विद्यार्थी नेमके याच खोड्यांत अडकतात. त्यांनीं एक आवृत्ति मागची घ्यावी. विंडोजवर अडचण आली तर सूचनेंतच 'मायक्रोसॉफ्ट सी-प्लस-प्लस बिल्ड टूल्स' हें नांव असतें. तो संच मायक्रोसॉफ्टच्याच जागेवरून घ्यावा आणि बसवितांना 'डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी-प्लस-प्लस' या चौकटींत खूण करावी. ती खूण विसरली तर रिकामी पेटी घरीं आल्यासारखें होतें. हा संच कांहीं जीबींचा असतो, याची तयारी असावी. मॅकवाल्यांना 'एक्सकोड-सिलेक्ट', त्यापुढें दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून 'इन्स्टॉल', एवढी एकच आज्ञा पुरते.

आतां भलत्या उपायांविषयीं. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांस अशीच अडचण आली असतां कोणीं तरी सल्ला दिला, कीं पायथॉन काढून टाका आणि नव्यानें बसवा. त्यांनीं सूडोच्या अधिकारानें उबुंटूचा मूळ पायथॉन काढला. उबुंटूचे स्वतःचे कितीएक भाग त्याच पायथॉनवर उभे असतात. ते सारे त्याच्याबरोबर निघून गेले. संगणक पुन्हां सुरू केला तों चित्रें, खिडक्या, कांहीं नाहीं. काळ्या पडद्यावर एक लुकलुकणारी रेघ. मुलीच्या प्रबंधाचीं प्रकरणें आंत होतीं. तीं नष्ट झालीं नव्हतीं, पुढें जाणत्या माणसानें तीं बाहेरहि काढलीं. पण ते तीन दिवस त्या घरांत कोणाला धड जेवण गेलें नाहीं. एपीटी काय काढणार आहे याची यादी आधीं दाखवितो आणि होय कीं नाहीं तें विचारतो. ती यादी न वाचतां होकार देणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणें होय.

याच धोक्यामुळें २०२३ पासूनच्या उबुंटूच्या आवृत्त्यांत मूळ पायथॉनमध्यें पिपला परस्पर हात घालूं देत नाहींत. प्रत्येक कामासाठीं 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट' नांवाची एक वेगळी खोली करावयाची आणि पिपनें आणलेला माल तेथेंच ठेवावयाचा. खोली बिघडली तर ती मोडून दुसरी करतां येते. घराला धक्का लागत नाहीं. भाचीनें हें महाविद्यालयांतच शिकून घेतलें होतें, त्यामुळें आमचा तो त्रास वांचला.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. मराठी शाळेंतून आलेल्या मुलास 'फेटल' हा शब्द वाचून आपल्या हातून कांहीं भयंकर घडलें असें वाटतें. मुंबईच्या आय. आय. टी.नें 'स्पोकन ट्युटोरियल' या नांवानें संगणकाचे छोटे छोटे पाठ आवाज व चित्र यांसह तयार केले असून त्यांपैकीं पुष्कळ मराठींतहि आहेत. पडद्यावर काय करावयाचें तें दिसत असतें आणि सांगणारा आपल्या भाषेंत बोलत असतो. लिनक्स व पायथॉन या दोहोंचेहि पाठ त्यांत आहेत. ज्या घरांत मूल एकटें या गोष्टींशीं झगडत असेल, त्या घरीं ते अवश्य दाखवावे.

शनिवारीं सबंध दिवस भाची महिन्याच्या नोंदी भरीत होती आणि मेहुणे वहींतून वाचून दाखवीत होते. रविवारीं रात्रीं दोन्ही बेरजा ताडून पाहिल्या, तों दहा किलो सुताचा फरक निघाला. प्रथम सर्वांनीं प्रोग्रॅमकडे बोट दाखविलें. तपास करतां एका बीमाची नोंद वहींत दोन पानांवर दोनदां झालेली सांपडली. मुनीम सोमवारीं आला तेव्हां त्याच्यापुढें छापील कागद होता आणि शेजारीं वहीहि होती. मेहुण्यांनीं ती अद्याप सोडलेली नाहीं.

मी निघालों त्या दिवशीं त्या वहीच्या शेवटच्या पानावर भाचीच्या अक्षरांत तीन नांवें लिहिलेलीं पाहिलीं: लिबपीक्यू-डेव्ह, बिल्ड-इसेन्शियल, पायथॉन३-डेव्ह, आणि प्रत्येकासमोर तें कशासाठीं लागलें तें एका ओळींत. पंधरा दिवसांनीं तिचा फोन आला. तिच्या एका मैत्रिणीच्या संगणकावर निराळ्याच पॅकेजसाठीं तांबड्या ओळी आल्या होत्या. मीं विचारलें, "मग तूं तिला काय सांगितलंस?" ती म्हणाली, "आधीं 'नॉट फाउंड' कुठं आहे तें मोठ्यानं वाचायला सांगितलं."